नकार तरी कळवा

लातूर-नांदेडकडची मुलं पुण्याला मुलाखतीला येतात ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. सकाळी हडपसरला उतरायचं, मित्राच्या खोलीवर आंघोळ उरकायची, बॅगेत जपून आणलेला इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि दहाला हजर व्हायचं. नंबर लागतो तीनला. साहेब बायोडेटा उघडतात तोच मुळी उमेदवार समोर बसल्यावर. मुलगी असेल तर लग्नाचं काय, हेही विचारून घेतात. कामाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. दहा मिनिटांत सगळं आटोपतं. ‘कळवतो’ म्हणतात.

आणि कळवत नाहीत.

मला सर्वात जास्त खुपतं ते हे न कळवणं. ‘नाही’ म्हटलं तर पोरगा दोन दिवस हिरमुसेल आणि मग दुसरीकडे अर्ज टाकेल. उत्तरच आलं नाही तर तो अडकून पडतो. दुसरीकडची कमी पगाराची नोकरी धरावी की थांबावं, ठरत नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की काळजात धस्स होतं. ‘काय झालं रे त्या पुण्याच्या कामाचं?’ असं वडील विचारतील म्हणून तो त्यांच्यासोबत जेवायला बसणं टाळतो.

याउलट, सैन्यात अधिकारी व्हायचं तर एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची निवड असते. पहिल्या दिवशीच्या चाळणीत जे गळतात त्यांना त्याच दिवशी तसं सांगून परत पाठवतात. उरलेल्यांचा निकाल शेवटच्या दिवशी तिथंच, छातीवरचा नंबर पुकारून, जाहीर होतो. भरतीच्या एखाद्या प्रकारासाठी पहिल्यांदाच आलेल्याला रेल्वेचं भाडंही मिळतं. बहुतेकांची निवड होत नाही, पण घरी जाताना निकाल त्यांच्या हातात असतो. केंद्रीय लोकसेवा आयोग तर नागरी सेवेच्या मुलाखतीत 275 पैकी किती गुण पडले, हे निवड न झालेल्यांनाही दाखवतो. इतक्या मोठ्या यंत्रणांना हे जमतं, मग पाच-सात उमेदवार बोलावणाऱ्या ऑफिसला का जमू नये?

तुमच्याकडे मुलाखती घेण्याचं काम असेल तर उमेदवार खुर्चीतून उठण्याआधी त्याला एक तारीख सांगा. त्या तारखेला नकार असला तरी दोन ओळींचा मेसेज पाठवा. काय कमी पडलं तेही लिहिता आलं तर फारच चांगलं. आणि मागच्या महिन्यातल्या कुणाला उत्तर द्यायचं राहिलं असेल, तर ते आज ऑफिस सुटायच्या आत द्या.