खाड्यांची नोंद

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये हल्ली ॲपविषयी प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. कोणी ऑफिसात बसून घरचा गीझर बंद करतं, कोणाचं दार बोटाच्या ठशाने उघडतं, कोणाच्या हॉलमध्ये परदेशातल्या मुलाने कॅमेरा बसवून दिलेला असतो. सोयीचं आहे, वीज वाचते, नेट गेलं की पंचाईत होते, अशी मतंही साधारण ठरलेली. गेटवरच्या ॲपचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पाहुणा आला, पार्सल आलं, की फोन वाजतो. आपण हो म्हटलं की वॉचमन आत सोडतो. मलाही ते आवडतं. दुपारभर घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा खरोखर आधार आहे.

त्याच ॲपमध्ये घरकामाला येणाऱ्या बायकांचंही एक पान असतं. त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. गेटवर त्या आपला नंबर सांगतात, वॉचमन तो दाबतो आणि नावापुढे वेळ उमटते. आत 8.10, बाहेर 12.45. खाली महिन्याची हजेरी. शेजारी फोटो, कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम आहे त्याची यादी, आणि तारे. वक्तशीरपणाला किती, कामाला किती. आमच्याकडे हे तारे सोसायटीतलं कोणतंही घर पाहू शकतं. जिच्या नावापुढे ते लागले आहेत, तिला मात्र ते दिसत नाहीत.

खाडे लिहून ठेवणं काही नवीन नाही. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेलं असायचं. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि बाईंच्या खाड्यांवर केलेले गोल, सगळं त्याच पानावर. पगाराच्या दिवशी दोघी त्याच्यासमोर उभ्या राहायच्या. "सोळाला आले होते की वहिनी, तुमच्याकडे पाहुणे नव्हते का," असं बाई म्हणायच्या, आणि आई जरा आठवून तो गोल खोडायची. नोंद भिंतीवर होती, दोघींना दिसत होती, म्हणून तिच्यावरून वाद घालता येत होता. आताची नोंद मिनिटापर्यंत बरोबर असते, पण ती एकाच बाजूच्या खिशात असते. दहा मिनिटांचा उशीर तिथे दिसतो. सिंहगड रस्त्यावर बस अडकली होती हे दिसत नाही. घरी जेवायला माणसं आहेत म्हणून तासभर जास्त थांबवून घेतलं, तर तो तासही तिथे नोंदला जातो. फक्त त्याचे पैसे मागताना ती नोंद तिच्या हातात नसते.

पुण्याला तरी हे खटकायला हवं. 1980 साली याच शहरातल्या मोलकरणी संपावर गेल्या होत्या. पगारवाढ हवी होती, हक्काच्या सुट्ट्या हव्या होत्या. त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे 2008 मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यामागे अशा संघटनांचा वर्षानुवर्षांचा रेटा होता. या मंडळात नाव नोंदवायचं तर आपण घरकाम करतो असा मालकाचा दाखला लागतो. चार घरची कामं करणाऱ्या बाईला तो मागणंही जड जातं. काम जाईल की काय, ही धास्ती असते. आणि इकडे गेटवर तिची रोजची हजेरी, तारीखवार, वर्षानुवर्षांची, तयार पडलेली आहे. तिच्यासाठी याहून पक्का पुरावा दुसरा कोणता असणार?

संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केला. माहिती घेताना ती कशासाठी घेतोय ते सांगायचं, समोरच्याला हवं असेल तर मराठीतसुद्धा. पुढे आपली माहिती बघायचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घ्यायचा हक्कही त्यात दिला आहे. फ्लॅटमालकाला एक हक्क आणि मोलकरणीला दुसरा, अशी वाटणी त्या कायद्यात नाही. गेटवर फोटो काढताना मात्र "इकडे बघा" यापलीकडे कोणी काही सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी परवा माझ्या फोनवर त्यांचं पान उघडून दाखवलं. वेळांकडे त्यांनी पाहिलंही नाही. ताऱ्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे कोणी दिलेत?" ते मलाही सांगता येईना, कारण देणाऱ्याचं नाव तिथे दिसतच नाही. मग त्या फोटोकडे बघत राहिल्या. फोटो चार वर्षांपूर्वीचा होता, कामाला लागल्या त्या दिवशीचा.

गेटवरचं ॲप काढून टाका असं मी म्हणणार नाही. सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत दोन गोष्टी मांडणार आहे. तारे बंद करावेत, आणि दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकीच्या हजेरीचं पान छापून, सही-शिक्क्यासह तिच्या हातात द्यावं. ऑफिसात प्रिंटर आहे. महिन्याला चाळीस-पन्नास कागद लागतील.