शेजाऱ्याचा सण



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थायिक झाली आहेत. दिल्ली, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत एकाच जिन्यावर चार धर्मांची चार दारे असतात. डिसेंबरात करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट आपल्या घरून शेजारी जाते आणि जानेवारीत तिळगुळाची वाटी शेजारून आपल्याकडे येते. ही देवघेव चालू असता कोणीतरी हमखास म्हणते, "सण तुमचा काय नि आमचा काय, शेवटी सारे एकच!" हे उद्गार प्रेमाचे आहेत, यात शंका नाही. परंतु ते सत्य आहेत काय? आणि नसतील, तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचे आपण काय करावे? या प्रश्नाचा आज थोडा विचार करू या.

प्रथम साम्याकडे पाहू. २१ किंवा २२ डिसेंबर हा उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवस. त्यानंतर दिवस हळूहळू मोठा होऊ लागतो. थंडीने आणि काळोखाने गांजलेल्या माणसाला या बदलाचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. इराणमध्ये वर्षातील त्या सर्वांत दीर्घ रात्री, 'यल्दा'च्या रात्री, घरातील लहानथोर एकत्र जागतात आणि डाळिंब व कलिंगड खातात. पंजाबात संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी लोहडीची शेकोटी पेटते. तामिळनाडूत नव्या तांदळाचा पोंगल भांड्यातून उतू जाऊ देतात. आपल्याकडे अंगात ऊब आणणारे तीळ, गूळ आणि बाजरीची भाकरी यांचे हेच दिवस. या साऱ्यांच्या मुळाशी ऋतू आहे, शेत आहे, पोटाची भूक आहे. सूर्य आणि पाऊस ही देवाची देणगी सर्वांना सारखीच मिळते, असे प्रभूनेच डोंगरावरील प्रवचनात शिकविले. तेव्हा सृष्टीबद्दलच्या या आनंदात आपण मोकळ्या मनाने सहभागी होऊ शकतो.

परंतु हिवाळ्यातील सर्वच सण ऋतूचे नाहीत. काही सण साक्षीचे आहेत. एखाद्या समाजावर एका विशिष्ट काळी जे ओढवले, त्याने ज्यासाठी प्राण वेचले, त्याची स्मृती ते जागवितात. अशा सणाला "सारे एकच" म्हणणे म्हणजे त्या समाजाची साक्ष न ऐकताच उठून जाणे होय.

यहुदी लोकांचा हनुक्का पाहा. तो बहुधा डिसेंबरात येतो आणि आठ रात्री दिवे लावून पाळला जातो. म्हणून त्याला कित्येकदा "यहुद्यांचा नाताळ" म्हणतात. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. सीरियाचा राजा अंत्युखस याने इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास यरुशलेमेचे मंदिर भ्रष्ट केले आणि यहुद्यांनी आपले नियमशास्त्र सोडून ग्रीक रीती स्वीकाराव्यात, असा हुकूम काढला. मक्काबी बंधूंनी त्याविरुद्ध लढा दिला आणि इ. स. पूर्व १६४ मध्ये मंदिराची पुनःस्थापना केली. "सर्वांसारखे व्हा" या सक्तीला दिलेल्या नकाराची ही आठवण आहे. तिलाच आपण "आमच्यासारखाच सण" म्हणावे, यात केवढी विसंगती आहे!

याच सणाचा उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. दिवस हिवाळ्याचे होते आणि प्रभू येशू मंदिरात, शलमोनाच्या देवडीत फिरत होता, असे तेथे सांगितले आहे. हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नेमून दिलेला नव्हता. तो इतिहासातून उद्भवला होता. तरीही येशू आपल्या लोकांच्या त्या स्मरणोत्सवात उपस्थित होता. तेथे आपण कोण आहोत हे त्याने लपविलेही नाही. उपस्थिती आणि स्पष्टता या दोन गोष्टी तेथे एकत्र नांदताना दिसतात.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण तर आपल्या भाषेतलेच आहे. शतकानुशतके मराठी बोलणारे हे यहुदी तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना "शनिवार तेली" म्हटले. त्यांचे वेगळेपण गावकऱ्यांनी पुसले नाही. त्यालाच नाव दिले आणि त्यांच्यासोबत सुखाने राहिले. भेद ओळखणे म्हणजे वैर धरणे नव्हे, हे त्या खेड्यांतील सामान्य माणसांना उमगले होते.

आता उत्तरेकडे वळू. डिसेंबरच्या ज्या शेवटच्या आठवड्यात आपण आनंदात असतो, त्याच आठवड्यात अनेक शीख कुटुंबांत शोकाचे वातावरण असते. अठराव्या शतकाच्या आरंभी सरहिंद येथे गुरू गोविंदसिंगांचे दोन धाकटे पुत्र, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, यांना धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे ठार मारण्यात आले. दोघेही दहा वर्षांच्या आतील. त्यांना भिंतीत चिणण्यात आले, असे शीख परंपरा सांगते. थोरले दोघे पुत्र त्याच सुमारास चमकौरच्या लढाईत पडले. या पित्याचा अंत पुढे १७०८ साली आपल्या नांदेडात झाला. आजही डिसेंबरच्या अखेरीस फतेहगढसाहिब येथे हुतात्म्यांच्या स्मरणार्थ मोठा मेळा भरतो आणि कित्येक घरांत त्या दिवसांत मंगलकार्य करीत नाहीत.

आपल्या शेजारी असे घर असेल, तर आपल्या नाताळाचा आवाज किती असावा? हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. ख्रिस्तसभेच्या पंचांगात २८ डिसेंबरला हेरोदाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचे स्मरण नेमलेले आहे. आपल्या सणातही मारलेली मुले आणि आक्रंदणाऱ्या माता आहेत. चांदण्यांच्या लखलखाटात त्यांचा आपल्याला विसर पडतो. शेजाऱ्याचा शोक आपल्याला आपलीच गोष्ट पूर्णपणे वाचायला लावतो. तरीही दोन्ही घटना एकच, असे म्हणू नये. बेथलेहेमच्या तान्ह्या बालकांना निवड करणे शक्यच नव्हते. सरहिंदच्या मुलांनी निवड केली, आणि शिखांना नेमका तिचाच अभिमान आहे.

या इतिहासात आणखी एक व्यक्ती आहे. त्या मुलांच्या वधाला मालेरकोटल्याचे नवाब शेर महंमद खान यांनी विरोध केला, अशी शीख समाजाची कृतज्ञ आठवण आहे. नवाब शीख झाले नाहीत. सारे धर्म एकच, असेही त्यांनी म्हटल्याचे कोणी सांगत नाही. मुसलमान राहूनच, हा अन्याय आहे, असे ते म्हणाले. १९४७ साली फाळणीच्या वेळी पंजाब पेटला असता मालेरकोटला पुष्कळ अंशी शांत राहिले आणि लोक त्याचे श्रेय त्या जुन्या शब्दाला देतात. खऱ्या आदराला स्वतःचा विश्वास सोडावा लागत नाही. कधी कधी त्या विश्वासामुळेच बोलण्याचे धैर्य येते.

मग तिळगूळ घ्यावा की नाही? नैवेद्य? प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला याच प्रकारचे उत्तर लिहिले होते. जेवायला बोलाविल्यास जावे, वाढलेले खावे, उगाच चौकशी करीत बसू नये. परंतु ते मूर्तीला अर्पिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये. येथे लक्ष पदार्थावर नाही, माणसावर आहे. गोड बोलण्याच्या इच्छेने हातावर ठेवलेला तिळगूळ ही शेजाऱ्याची मैत्री आहे. सूर्याला दिलेले अर्घ्य ही त्याची उपासना आहे. पहिले आनंदाने स्वीकारता येईल, दुसऱ्या वेळी आपण आदराने बाजूला उभे राहू. नम्रपणे हात जोडून दिलेल्या नकाराने मैत्री सहसा तुटत नाही. तोंड फिरवून दिलेल्या नकाराने मात्र तुटते. आपला एखादा बंधू या बाबतीत अधिक कडक असेल, दुसरा अधिक मोकळा. रोमकरांस लिहिलेल्या पत्रानुसार दोघांनी एकमेकांस तुच्छ लेखू नये.

तसे पाहता आपण स्वतः तरी कोठे एकमत होतो? २५ डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात नाही. रोममध्ये ती चौथ्या शतकात पाळली जात असल्याची नोंद मिळते. आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीला ख्रिस्तजन्म साजरा करते, इजिप्तमधील कॉप्टिक मंडळी ७ जानेवारीला. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळच रद्द केला होता, तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविण्यात आला. हे सर्व करणारे ख्रिस्तीच होते! ज्यांच्या स्वतःच्या सणाचा इतिहास असा आहे, त्यांनी इतरांच्या सणांविषयी नम्रतेनेच बोलावे.

म्हणून, वाचकहो, येत्या नाताळात फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा शेजाऱ्याला त्याच्या सणाची गोष्ट विचारा आणि ती शेवटपर्यंत ऐका. त्याने विचारल्यास गोठ्यात जन्मलेल्या बाळाची गोष्ट संकोच न बाळगता सांगा. ती रंगीत कागदात गुंडाळून सर्वांच्या सोयीची करू नका. दोन्ही गोष्टी ऐकून झाल्यावर त्या वेगळ्या आहेत असे आढळले, तरी पुढल्या वर्षी ताट अवश्य पाठवा.