हरलेले द्रव्य परत मागावे काय?

द्यूतात हरलेला मनुष्य पश्चात्ताप पावतो, ही गोष्ट फार जुनी आहे. परंतु हरलेले द्रव्य परत खेचून आणण्याचे साधन त्या पश्चात्तापास लाभावे, ही गोष्ट मात्र अगदी अलीकडची होय. क्रेडिट कार्डाने पैसे भरून ऑनलाइन कॅसिनोत खेळणाऱ्यास असे साधन चार्जबॅकच्या रूपाने मिळाले आहे. कार्डधारकाने आपल्या बँकेकडे तक्रार करावयाची, त्या बँकेने कॅसिनोच्या बँकेकडून रक्कम परत घ्यावयाची, आणि तिने ती कॅसिनोच्या खात्यातून वळती करून घ्यावयाची, असा या उलट्या वसुलीचा क्रम आहे. हरलेल्या खेळाडूने तिचा आश्रय करणे न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारास घेतला आहे.

या व्यवस्थेचा मूळ हेतू निर्दोष आहे. अमेरिकेत १९७४ साली झालेल्या कायद्याने हिशेबातील चुकीबद्दल ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घेण्याचा अधिकार कार्डधारकास दिला. कार्ड चोरून भलताच कोणी खेळला असेल, किंवा भरलेली रक्कम कॅसिनोने जमाच केली नसेल, तर ती परत मागण्यात कसलाच दोष नाही. वाद आहे तो तिसऱ्या प्रकाराविषयी. खेळणारा स्वतःच खेळला, हरला, आणि महिनाअखेर हिशेबाचा कागद हाती पडताच 'हा व्यवहार मी केलाच नाही' असे म्हणू लागला, तर त्यास काय म्हणावे?

त्याची परीक्षा सोपी आहे. तो जिंकला असता, तर 'हा व्यवहार माझा नव्हे' असे सांगून जिंकलेली रक्कम त्याने परत केली असती काय? ज्या व्यवहाराचा लाभ आपला आणि हानी तेवढी दुसऱ्याची, तो खेळही नव्हे आणि करारही नव्हे. युरोपीय पद्धतीच्या रूलेटच्या चक्रास ३७ घरे असतात आणि एका घरावर पैसे लावून जिंकणाऱ्यास ३५ पट मिळतात. या फरकातच कॅसिनोचा नफा आहे, आणि तो कोणासही मोजून पाहता येतो. जे उघड होते, त्यात आपण फसलो असे म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की जुगाराच्या धनिकास थोडी झळ लागली तर बिघडले कोठे? परंतु झळ तेथेच थांबत नाही. कापडाच्या दुकानदारास निदान माल परत मागता येतो. येथे खेळ होऊन गेलेला असतो. पुष्कळदा जिंकलेले पैसे काढून घेतल्यावर मूळ भरणा उलटविला जातो, तेव्हा कॅसिनोची रोकडच जाते. प्रत्येक तक्रारीमागे बँक दंडवजा आकार घेते, आणि तक्रारींचे प्रमाण वाढले तर खातेच बंद करते. म्हणून कॅसिनो ओळखीचे कागद मागतो, पैसे देण्यास विलंब लावतो. आणि हा जाच प्रामाणिक खेळाडूस सोसावा लागतो.

आता अ‍ॅफिलिएटांचा, म्हणजे गिऱ्हाईक आणून देणाऱ्या दलालांचा, विचार करू. आपण पाठविलेल्या खेळाडूंच्या नुकसानीतून कॅसिनोस जी निव्वळ प्राप्ती होते, तिचा ठराविक हिस्सा पुष्कळ दलालांस मिळतो. चार्जबॅक झाला, की तो हिस्सा कापला जातो. कित्येक ठिकाणी महिन्याची तूट पुढील महिन्याच्या खात्यावरही चढते. 'आम्ही आमचे काम चोख केले, मग आम्हांस भुर्दंड का?' ही त्यांची तक्रार वरवर रास्त दिसते. पण मित्राच्या सल्ल्याचा वेष घेऊन त्यांनी जे सांगितले, त्याचे मोल ऐकणाऱ्याच्या हानीतून ठरले होते. हानी उलटली की हिस्साही उलटावा, हे त्यांच्याच सौद्याचे पर्यवसान होय.

कायद्याने या दलालीकडे पूर्वीच वक्र दृष्टीने पाहिले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरविला. मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने अशा सौद्यातील दलालीची फिर्यादही चालणार नाही असे ठरविले होते. उलट इंग्लंडात २००५ च्या कायद्याने २००७ पासून जुगाराचे देणे वसूल करण्याजोगे मानले. मात्र तेथेच १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यास बंदी झाली. मला ही बंदी अधिक शहाणपणाची वाटते. उसन्या पैशावर पण लावू देणे आणि मागाहून तो परत मिळवून देणे, यांपेक्षा तो लावूच न देणे बरे.

तथापि कायद्याने देणे रद्द केले म्हणून असत्य सत्य ठरत नाही. 'मी खेळलो, हरलो, आणि हे देणे कायद्यास मान्य नाही' असे उघडपणे म्हणणारा निदान खरे बोलतो. 'मी खेळलोच नाही' असे म्हणणारा द्रव्याबरोबर आपली साक्षही विकतो.

महाभारतातील सभापर्वात धर्मराजाने सर्वस्व पणास लावून गमावले. द्रौपदीच्या प्रश्नाने सभा निरुत्तर झाली, आणि धृतराष्ट्राने दिलेल्या वराने गेलेले सर्व परत मिळाले. परंतु धर्मराजाने पण लावल्याचे कधी नाकारले नाही. आणि तो परत येऊन पुन्हा खेळावयास बसलाच. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास त्या दुसऱ्या डावाचे फळ होते. द्रव्य परत येणे सोपे. हात फाशांवरून मागे येणे कठीण. चार्जबॅक पहिले करू शकतो, दुसरे ज्याचे त्यानेच करावयाचे असते.