सोसण्याचा गोंगाट, न सोसण्याचा गोंगाट

शहराच्या मध्यवस्तीत मुक्काम करावयाचा तो सोयीसाठी. स्थानक जवळ, बाजार जवळ, कचेरी जवळ, रुग्णालय जवळ. परंतु जे जवळ असते त्याचा आवाजही जवळच असतो, हे ध्यानात येते रात्री दिवा मालवल्यावर. मग अंथरुणात कूस बदलता बदलता मनात येते, की खोलीचे भाडे मोजले, त्यात झोपेचे मोल धरलेले नव्हते काय? वरवर पाहता ही गिऱ्हाइकाची तक्रार आहे. आम्हांस मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो. रस्त्याच्या गोंगाटाविषयी आपण कोणाकडे, काय आणि किती मागावे?

निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत. माणूस झोपला तरी त्याचा कान जागाच असतो. म्हणून तर तान्ह्या मुलाच्या हलक्या कुरकुरीनेही आई उठून बसते. एकसुरी आवाजाला मन सरावते, पंख्याची घरघर सहसा कोणास जागे ठेवीत नाही. अकस्मात उठणारा आवाज मात्र झोप चिरून जातो. शयनकक्षातील सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविले. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी विभागास ४५ आणि व्यापारी विभागास ५५ डेसिबलची मर्यादा घातली. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नव्हे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते. तेव्हा बाजारपेठेत उतरून, खिडकी उघडी टाकून, गावाकडची शांतता मागणे हे नियमाच्या पुस्तकातही बसत नाही.

हे दुःख नवे नाही. ज्युलियस सीझरच्या काळी रोम शहरात चाकांच्या बहुतेक गाड्यांना दिवसा मज्जाव झाला आणि त्या रात्री धावू लागल्या. दिवसाची गर्दी टळली, रात्रीची झोप उडाली. शहरातील झोप ही धनवंतांचीच मिरास कशी झाली आहे, हे ज्युवेनल या कवीने आपल्या उपहासकाव्यात दाखविले. त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ सेनेका एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहिला होता. तेथील कण्हणे, कुंथणे, मालिशवाल्याच्या हातांचे सपकारे, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या यांचे त्याने एका पत्रात मोठे जिवंत वर्णन केले आहे. मन शांत असेल तर बाहेरचा कोलाहल काही करू शकत नाही, असे तो त्यात प्रतिपादतो. आणि पत्राच्या शेवटी आपण तेथून बिऱ्हाड हलविणार असल्याचेही सांगून टाकतो.

सेनेकाचा हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडतो. परंतु मन आवरणे आणि जागा सोडणे, या त्याच्या दोन्ही उत्तरांत एकच माणूस आहे, तो म्हणजे ऐकणारा. आवाज करणाऱ्याचा विचार त्यांत नाही. आणि ज्यास जागा सोडता येत नाही, त्याचाही नाही.

मुंबईतील दादरचे उदाहरण घेऊ. स्थानकाच्या पश्चिमेस, सेनापती बापट मार्गालगत, फुलबाजार आहे. जवळच्या एखाद्या लॉजमध्ये उतरलेल्या पाहुण्यास पहाटेच जाग येते. टेम्पोची फळी धाडकन पडते, हमाल वाट मागत धावतात, भावाच्या हाळ्या उठतात. पाहुणा संतापतो. पण त्या करंड्यांत वसईच्या वाडीतला सोनचाफा आणि मोगराही असतो. तो घेऊन कोणी आपलाच शेजारी पहाटेच्या गाडीत चढलेला असतो. फूल दुपारची वाट पाहत नाही, म्हणून बाजारही पाहू शकत नाही. या आवाजात कोणाचा उद्दामपणा नाही. ते श्रमाचे आवाज आहेत. त्याच बाजारातला हार आपण सकाळी निःशंकपणे विकत घेतो, आणि रात्री मात्र तो मुकाट्याने यावा अशी इच्छा धरतो.

याउलट रिकाम्या रस्त्यावरही भोंगा दाबीत जाणारा मोटारवाला, सायलेन्सर काढून फटफटी उडविणारा तरुण, दहानंतरही चालू राहणारा लाऊडस्पीकर यांचे काय? निवासी भागात रात्री हॉर्न वाजविण्यास नियमाने मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजीच्या निकालात गोंगाटाचा प्रश्न सविस्तर हाताळला आणि नको असलेला आवाज इतरांच्या कानांवर लादण्याचा हक्क कोणासही नाही, ही भूमिका घेतली. येथे आम्ही एक साधी कसोटी सुचवितो: हा आवाज थांबला तर कोणाची चूल थांबेल काय? थांबत असेल तर सोसावा. नसेल तर सोसू नये. अर्थात या कसोटीचाही गैरवापर होतो. रात्री दोन वाजता इमारतीचे काम चालविणारा ठेकेदार मजुरांच्या चुलीकडे बोट दाखवितो. वस्तुतः तेथे मजुराची भूक नसते, ठेकेदाराची घाई असते.

मग पाहुण्याने करावे काय? खोली घेतानाच रस्त्याच्या उलट बाजूची मागावी. खिडकी बंद करावी, फटी बुजवाव्यात, कानांत बोळे घालावेत, पंखा चालू ठेवावा. यात कमीपणा नाही. मात्र वातानुकूलित खोली घेऊन सुटका करून घेताना तिचे यंत्र बाहेरच्या बोळात घरघरत असते, तेथेही कोणाची खिडकी असते, याचे भान असावे. पैसे टाकून शांतता मिळते तेव्हा गोंगाट नाहीसा होत नाही. आपण केवळ त्याच्या वाटेतून दूर होतो. आणि टेबलापाशी बसलेल्या पोरावर तर मुळीच आवाज चढवू नये. भोंगे त्याच्या हाती नाहीत, आणि रस्त्याकडचा दरवाजा त्याच्याच उशाशी आहे.

सोशिकपणाविषयी एक गोष्ट आपण विसरतो. आपल्या वाट्याचे दुःख मुकाट्याने सोसणे हा गुण आहे; दुसऱ्याच्या वाट्याचे दुःख आपण मुकाट्याने पाहणे हा गुण नव्हे. पाहुण्याची एक रात्र, फार तर दोन. सकाळी तो बॅग उचलून निघून जातो. पदपथावर हातगाडीखाली झोपणारा हमाल, समोरच्या चाळीतील दमेकरी म्हातारी, परीक्षेचा अभ्यास करणारे मूल यांना रोजची रात्र तेथेच काढावयाची असते. आपली झोपमोड झाली म्हणून पोलिसांकडे तक्रार करण्यास आपण संकोचतो, एका रात्रीचा तर प्रश्न, असे म्हणतो. परंतु तो प्रश्न एका रात्रीचा आपल्यापुरताच असतो.

म्हणून बाजाराच्या आवाजास मनोमन वाट द्यावी, आणि विनाकारण वाजणाऱ्या भोंग्याविरुद्ध, लाऊडस्पीकरविरुद्ध मात्र रीतसर तक्रार नोंदवावी. स्वतःसाठी नव्हे, आपण निघून गेल्यावर तेथे उरणाऱ्यांसाठी. आणि गावी परतताना आपलीच मोटार अपरात्री एखाद्या बोळातून जात असेल, तर आपला हात भोंग्यावर जाण्यापूर्वी क्षणभर थांबावा. त्या बोळातही कोणी झोपलेले असते.