वाटेवरचें पाणी

लातूरच्या १९१७ सालच्या गंजगोलाईचा गलबला मागें टाकून एस. टी. नें औसा तालुक्यांतील खरोशास जावें व लेण्यांची टेकडी पायीं चढावी, हा आमचा जुना परिपाठ. एका वैशाखांत तेथील वाटेवर डोईवर घागर घेतलेली एक बाई भेटली. आमचा सुकलेला चेहरा पाहून तिनें न मागतां घागर कलती केली. "घ्या गुरुजी, ऊन लई हाय." आम्ही प्यालों, पैसे देऊं केले, ते तिनें घेतले नाहींत.

तेव्हांपासून प्रश्न पडला कीं, जें चालणें आम्हांस विरंगुळा व दुसऱ्यास कष्ट, तें आम्हीं करावें काय? घरीं बसावें, तर ऋण चुकतें थोडेंच! एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी लातूरकर प्याले, तेंही कोणाच्या तरी वांट्याचेंच होतें. फक्त देणाऱ्याचा चेहरा दिसला नाहीं. पायीं चालणाऱ्यास तो दिसतो. म्हणून आम्ही चालणें सोडलें नाहीं. मात्र आतां पाण्याचा तांब्या घरूनच भरून नेतों, आणि वाटेंत कोणी तहानेलें भेटल्यास तो आधीं त्याच्यापुढें करितों.