कळपाची शांतता कशी ओळखावी?

मुंबई-गोवा रस्त्याने पनवेल मागे पडलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचं जंगल सुरू होतं. इथे लोक गाड्या थांबवून माकडांपुढे केळी, बिस्किटं टाकतात, आणि झाडाझाडांवर पांगलेली टोळी एका पुड्याभोवती गोळा होते. मग दात, नखं, किंचाळ्या. जंगलातलं खाणं पसरलेलं असतं. कोवळा पाला, फळं, किडे ज्याच्या त्याच्या वाट्याला येतात. पुडा मात्र ज्याच्या हाती लागला त्याचाच. तरीही अशा भांडणांनी टोळी सहसा मोडत नाही, कारण हरलेल्याच्या पाठीमागे अख्खा डोंगर मोकळा असतो. मार खाल्लेलं माकड चार झाडं पलीकडे जाऊन बसतं. वयात आलेला नर जन्माची टोळी सोडून दुसरीकडे नशीब काढतो. टोळी फारच वाढली, तर ती आयांच्या घराण्यांनुसार फुटते.

पैदाशीसाठी माकडं कोंडली की पहिल्याच दिवशी या तिन्ही वाटा बंद होतात. म्हणूनच मला वाटतं, ज्याने कुंपण घातलं त्याने कळपातल्या नात्यांची जबाबदारीही अंगावर घेतली. खाणं, पाणी आणि लस एवढ्याने ती फिटत नाही.

या विषयाशी आपला संबंध जुना आहे. पोलिओच्या लशीसाठी विषाणू वाढवायला ऱ्हीसस माकडांची मूत्रपिंडं लागत, आणि ही माकडं भारतातून जात. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर एका गाडीत गुदमरून जवळपास ४०० माकडं मेली. तेव्हा भारताने निर्यात काही काळ थांबवली, आणि पुढे ती वैद्यकीय कामापुरतीच राहावी अशी अट घातली. अमेरिकेत या माकडांवर लष्करी कामासाठी किरणोत्साराचे प्रयोग होत असल्याचं उघड झाल्यावर मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ पासून निर्यात कायमची बंद केली. त्यानंतर अमेरिकेला आपल्याच भूमीवर माकडांची पैदास वाढवावी लागली. कोंडलेले कळप स्थिर कसे राहतील, हा प्रश्न तिथे असा ऐरणीवर आला.

आपल्याकडे पैदाशीचा प्रश्न पुढे आला २०२० मध्ये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी २० ऱ्हीसस माकडं हवी होती. प्रयोगशाळेत वाढवलेली देशात मिळेनात, म्हणून वनखात्याच्या परवानगीने रानातून पकडावी लागली. ती अखेर नागपूरकडे सापडली. माकडांवर प्रयोग करावेत की नाहीत, हा वाद मी इथे सोडवू शकत नाही. पण पैदास केंद्रांची गरज आता वारंवार मांडली जाईल, आणि ती मांडताना जागा, निधी, पिंजऱ्यांची मापं यांच्या पुढे आपण जाणार आहोत का, याची मला काळजी वाटते.

नात्यांकडे पाहिलं नाही तर काय होतं, हे लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. १९२५ मध्ये तिथे कृत्रिम टेकडीवर शंभराच्या आसपास हमाद्र्यास बबून सोडले. त्यांत जवळजवळ सगळे नर होते आणि माद्या मोजक्याच. एकमेकांना अनोळखी असलेले हे नर माद्यांसाठी लढले. त्यांत नर मेले आणि ज्यांच्यासाठी लढाई चालली त्या माद्याही मेल्या. पुढे आणखी माद्या आणून सोडल्या, त्यांचीही तीच गत झाली. या टेकडीचा अभ्यास करणाऱ्या सॉली झुकरमन यांनी १९३२ च्या ग्रंथात माकडांच्या समाजाबद्दल जे मांडलं, त्यावर याच रक्तपाताची छाप होती. पुढे हान्स कुमर यांनी इथिओपियात रानातले हमाद्र्यास पाहिले. तिथे एका नराची मादीशी जोडी जमलेली दिसली की दुसरा नर सहसा तिच्या वाटेला जात नाही. लंडनमध्ये कळप नव्हताच मुळी. एका जागी ओतलेली गर्दी होती.

ऱ्हीसस कळपाचा कणा म्हणजे आयांची घराणी. मुलीचं स्थान आईच्या लगोलग खाली, आणि बहिणींत बहुधा धाकटी थोरलीच्या वर. मोकळ्या रानात तरुण नर या घराण्यातून बाहेर पडतो. कुंपणात त्याला जाता येत नाही, मग तो आईच्या बळावर तिथेच वरचढ होऊ पाहतो. अशी ओढाताण साठत गेली की एखाद्या दिवशी खालची घराणी मिळून वरच्या घराण्यावर तुटून पडतात. त्यात अनेक जीव जातात आणि उरलेला कळप मोडावा लागतो.

हा दिवस आधी ओळखता येतो का? कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या प्राइमेट केंद्रात अर्ध्या एकराच्या उघड्या आवारांत मोठे कळप ठेवतात. तिथे ब्रेंडा मॅकॉवन, ब्रियान बाइसनर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच प्रश्नावर काम करत आले आहेत. केवळ भांडणं मोजून उत्तर मिळत नाही, कारण स्थिर कळपातही रोज चावाचावी होते. ते आणखी एक खूण टिपतात. कोणी अंगावर आलेलं नसताना, नुसतं जवळून जाताना एक माकड दुसऱ्यासमोर आवाज न करता ओठ मागे ओढून दात दाखवतं. बघणाऱ्याला ती धमकी वाटते. खरं तर ती ‘तू मोठा’ अशी कबुली असते, आणि शांतपणी दिलेली असल्याने मोलाची असते. कोण कोणावर धावून जातं आणि कोण कोणाला ही कबुली देतं, या दोन जाळ्यांचा एकमेकांशी मेळ असतो तोवर कळप टिकतो. कोसळण्याच्या बेतात असलेल्या कळपात हा मेळ बिघडलेला दिसतो, मग जखमींचा आकडा अजून वाढलेला नसला तरी.

म्हणून मला दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबणं पुरेसं वाटत नाही. जखम टाके घालून भरते. पण ती ज्या नात्यातून आली ते नातं त्या वहीत कुठेच नसतं. शिवाय उपचारांनीही घडी विस्कटते. वरच्या स्थानावरची मादी दवाखान्यात चार दिवस राहिली, तर परतल्यावर तिची जागा तिला मिळेलच असं नाही. अमेरिकेतल्या येर्क्स प्राइमेट केंद्रात जेसिका फ्लॅक, फ्रान्स डी वाल आणि सहकाऱ्यांनी ८४ पिगटेल माकडांच्या कळपातून भांडणं सोडवणारे तीन नर थोड्या थोड्या वेळासाठी बाजूला काढले. त्यांचं निरीक्षण २००६ मध्ये छापून आलं. भांडणं वाढली हे अपेक्षितच होतं. मला अस्वस्थ करतं ते पुढचं: उरलेल्यांचं खेळणं आणि एकमेकांचे केस साफ करणं आखडलं, जो तो आपल्या मोजक्या सोबत्यांपुरता उरला. कोणी मध्ये पडणारं आहे, या भरवशावर त्यांचं नेहमीच्या सोबत्यांपलीकडच्यांशी खेळणं चालू होतं.

आपल्याकडे पैदास केंद्राचा आराखडा होईल तेव्हा त्यात डॉक्टर, सफाई कामगार, पहारेकरी यांच्या जागा असतीलच. मी त्यात आणखी एक कायमची जागा मागेन: प्रत्येक माकडाला चेहऱ्याने ओळखणारी, रोज काही तास कुंपणाशी बसून कोण कोणाजवळ बसलं, कोणी कोणाला वाट दिली हे लिहिणारी माणसं. त्यांना विचारल्याशिवाय एकही माकड आवारातून उचललं जाऊ नये, अगदी उपचारासाठीसुद्धा; आणि जीव जाण्याची वेळ असेल तेव्हा उचललेलं माकड कळपात परत कसं न्यायचं, हे त्यांनीच ठरवावं.