शालीतील नक्षी आणि सत्कार्यवाद

कार्य उत्पत्तीपूर्वीच कारणात अव्यक्त रूपाने असते, हा सांख्यांचा सिद्धान्त म्हणजे सत्कार्यवाद. उलट तंतूंपासून झालेला पट हा पूर्वी नसलेला नवाच पदार्थ होय, असे न्याय-वैशेषिक मानतात. ब्रह्मसूत्रातील २.१.१९ या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्य गुंडाळलेल्या आणि पसरलेल्या वस्त्राचा दाखला देऊन कार्य कारणाहून वेगळे नाही, असे प्रतिपादन करतात. नागपुरातील मिहान परिसरातल्या एखाद्या सदनिकेत हाताने विणलेली जाळीदार लोकरी शाल ‘ब्लॉक’ करताना, म्हणजे ती भिजवून, टॉवेलात दाबून, गादीवर ताणून आणि टाचण्या लावून वाळवताना, हाच वाद प्रत्यक्ष तपासता येतो. सुयांवरून उतरलेल्या शालीची भोके मिटलेली असतात. पाण्याने लोकरीच्या तंतूंतील हायड्रोजन बंध सुटतात, ताणलेल्या स्थितीत वाळताना ते नव्याने जुळतात आणि नक्षी उघडते, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. पुन्हा धुतल्यावर ती आक्रसते, हेही लक्षणीय आहे. मात्र जे भोक विणलेच नाही, ते कितीही ताणले तरी दिसत नाही. टाचण्या नक्षी निर्माण करीत नाहीत, प्रकट करतात. निदान या टप्प्यापुरता सांख्यांचाच पक्ष बलवत्तर ठरतो.